शाओलिनच्या फरशीतले खळगे

झेंगझोऊहून डेंगफेंगच्या वाटेला लागलं की कुंगफूच्या शाळा सुरू होतात. मैदानामैदानांत शेकडो मुलं एका तालात लाथा झाडताना दिसतात. चीनमधल्या या शाओलिनच्या बौद्ध मठात मी आले होते एका सिनेमापायी. जेट लीचा १९८२ चा ‘शाओलिन टेंपल’ धाकट्या भावाबरोबर व्हीसीडीवर इतक्यांदा पाहिलाय की काठीचे हात अजून पाठ आहेत. शेवटचा दीक्षेचा प्रसंग मात्र आम्ही दर वेळी पुढे पळवायचो. त्यात मारामारी नव्हती ना!

सिनेमाच्या गोष्टीचं मूळ खरं आहे. ६२१ मध्ये इथल्या भिक्खूंनी ली शिमिनला, म्हणजे पुढे तांग घराण्याचा सम्राट झालेल्याला, लढाईत साथ दिली. मठातल्या ७२८ च्या शिळेवर त्यांतल्या १३ जणांची नावं कोरलेली आहेत.

पण माझा पाय अडकला तो सहस्रबुद्ध मंडपात. फरशीत ओळीने ४८ खळगे. पिढ्यानपिढ्या भिक्खूंनी ठरल्या जागी पाय आपटून सराव केला, त्याने जमीन खचली असं सांगतात. आपल्या तालमीत मारुती असतो. इथे समोर बुद्ध आणि तिन्ही भिंतींवर ५०० अर्हत, म्हणजे मुक्ती मिळवलेले भिक्खू. त्यांच्या नजरेखाली घाम गाळायचा!

कुंगफू भारतातून आलेल्या बोधिधर्म या भिक्खूने शिकवलं, असं गाइडही म्हणाला. ती कथा १७ व्या शतकातल्या एका व्यायामग्रंथातून पसरली. मला त्याहून फार जुनी, तांग काळात लिहिलेली कथा जवळची वाटते. सेंगचौ नावाचा किडकिडीत पोरगा. सोबतचे श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, त्याला बडवायचे. तो वज्रपाणी या बौद्धांच्या रक्षक देवाच्या मूर्तीपुढे बसून बळ मागू लागला. देवाने वाडगाभर स्नायू पुढे केले. भिक्खूने मांस कसं खायचं? पोरगा कचरला, तेव्हा देवाने वज्र उगारलं. मग खाल्लं, आणि अंगात बळ आलं. बळ हवं, पण व्रत मोडतंय, हा पेच तेव्हापासूनचा आहे.

रात्री मुक्कामी तो सिनेमा पुन्हा लावला, या वेळी शेवटपर्यंत. इतक्या जणांना लोळवणारा नायक मुंडण करून गुडघ्यांवर बसलाय. गुरू विचारतात, जन्मभर जीवहत्या करणार नाहीस, हे व्रत पाळशील?

‘पाळीन.’