नाण्याएवढा तुकडा

गेल्या महिन्यात जपानमधल्या कावासाकीच्या दवाखान्यातून चोपड्याला आईला फोन लावला. "कसा शे रे भाऊ? जेवन व्हयनं का?" हा तिचा नेहमीचाच पहिला प्रश्न, पण त्या संध्याकाळी मला उत्तर सुचेना. सकाळीच माझ्या जठरातला कॅन्सर काढला होता. पोटावर एक टाका नव्हता, सलाईन मात्र चालू होतं.

मला काही त्रास होत नव्हता, हे आधी सांगतो. भूक चांगली होती, वजनही तेवढंच होतं. जपानमध्ये पन्नाशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची तपासणी करून घेता येते, बेरियम पिऊन एक्स-रे काढा किंवा दुर्बीण घाला. मी दुर्बीण निवडली. डॉक्टरांनी आत निळा रंग फवारला, तेव्हा पडद्यावर एक किंचित खोलगट, लालसर डाग उठून दिसला. त्याचा कण तपासायला पाठवला आणि आठवड्याने निदान हातात आलं.

मला धाकटे काका आठवले. दोन वर्षं त्यांच्या बंडीच्या खिशात ॲसिडिटीच्या पुड्या असायच्या. वजन उतरलं तर घरचे म्हणाले, कापसाचा हंगाम आहे, होतं असं. जळगावला दुर्बिणीने पाहिलं तोवर गाठीने जठराचं खालचं तोंड बुजत आलं होतं. भरीत-भाकरीवर जीव असलेला माणूस शेवटी पेजेचे दोन घोटही खाली जाईनात म्हणून रडायचा.

माझा डाग जठराच्या सगळ्यात आतल्या पातळ अस्तरात होता. गाठ एवढ्या वरवर असेल, तर लसिकाग्रंथींत, म्हणजे शरीरात जागोजागी असलेल्या बारीक गाठींत, पसरल्याची शक्यता फारच कमी असते. म्हणून तेवढंच अस्तर सोलून काढलं तरी भागतं, जठर जागेवर राहतं. या पद्धतीला ई-एस-डी म्हणतात. ती १९९० च्या दशकात जपानमध्येच आकाराला आली आणि २००६ पासून इथल्या आरोग्य विम्यात बसते.

डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं, पण मला ते कळलं तव्यावरच्या भाकरीवरून. भाकरी फुगली की वरचा पापुद्रा सुटतो ना, तसं. आधी डागाभोवती खुणेचे ठिपके देतात. मग अस्तराखाली सुईने द्रव सोडून तो भाग फुगवतात. गोल काप घेतात आणि विजेवर चालणाऱ्या बारीक सुरीने खालून तो पापुद्रा हळूहळू सोडवत नेतात. एका प्रकारच्या सुरीच्या टोकाला चिनी मातीचा इवलासा मणी असतो, खालच्या भिंतीला भोक पडू नये म्हणून. तरी धोका असतोच. रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित भोकही पडतं. सहीआधी हे त्यांनी दोनदा सांगितलं, आणि मला ते फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला काढलेला तुकडा दाखवला. दहाच्या नाण्याएवढा, फिकट गुलाबी, पाटीवर बारीक टाचण्यांनी ताणून बसवलेला. मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिलो. पुढे त्याचे दोन-दोन मिलिमीटरचे काप करून तपासले. कडा स्वच्छ निघाल्या, रक्तवाहिन्यांत काही शिरलेलं नव्हतं.

आत जखम उरते, ती भरायला दीड-दोन महिने लागतात. तोवर ॲसिड कमी करणारी गोळी आणि मऊ भात. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही सापडला, त्यासाठी दोन अँटिबायोटिक्स आणि ॲसिडची गोळी असा आठवडाभराचा कोर्स झाला. आता दरवर्षी दुर्बीण, कारण त्याच जठरात दुसरीकडे नवा डाग उगवू शकतो.

आपल्याकडे जठराचा कॅन्सर जपानइतका नाही, त्यामुळे सगळ्यांनी उठून दुर्बीण करा असं मी म्हणणार नाही. पण वजन कारण नसताना उतरतंय, शौचाला डांबरासारखं काळं होतंय, रक्त कमी भरतंय, दोन घासांत पोट भरतंय, तर कृपा करून पुड्यांवर दिवस काढू नका.

सख्ख्या नातेवाइकांना धोका जास्त असतो, आणि हा जंतू बहुधा लहानपणी घरातूनच लागतो. आम्ही दोघं भाऊ एकाच ताटात जेवून मोठे झालो. म्हणून दादाच्या मागे लागलो. येत्या गुरुवारी जळगावला त्याची दुर्बीण आहे. काल रात्री त्याचा फोन आला, आदल्या दिवशी शेवभाजी चालेल का म्हणून. मी म्हटलं, दादा, दुपारी खाऊन घे, रात्री हलकं जेव आणि सकाळी उपाशीपोटी जा.