परवानगी द्या, नाहीतर घरी जा
आज एका सरकारी कामासाठी ॲप घ्यावं लागलं. फॉर्म एवढासा, पण मागणी कॅमेरा, लोकेशन आणि कॉन्टॅक्ट्सची! ‘नाही’ म्हटलं की गाडी पुढे सरकतच नाही. याला संमती म्हणायचं. वर खिडकीवर त्याच कागदांच्या झेरॉक्स मागितल्या, ते वेगळंच.

बरं, कॉन्टॅक्ट्समधली माहिती माझी नाहीच, इतरांची. त्यांना कोण विचारणार? केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचारासाठी लोकांची माहिती वापरणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या प्रकरणात हेच झालं. फेसबुकवरचं एक क्विझ ॲप घेतलं सुमारे पावणेतीन लाख लोकांनी. फेसबुकच्याच २०१८च्या अंदाजानुसार माहिती गेली ८.७ कोटींपर्यंत लोकांची, कारण मित्रांची माहितीही ॲपला मिळत होती. २०१९मध्ये फेसबुकला ५ अब्ज डॉलर दंड झाला. तो गेला अमेरिकी सरकारच्या तिजोरीत.

माझा अर्ज अजून ‘प्रक्रियेत’ आहे.