ॲक्युरेट आणि प्रिसाइस

मोजमापाच्या उपकरणांची तपासणी हा माझा व्यवसाय. त्याचा पाया शाळेत दोन इंग्रजी शब्दांवर घातला गेला, म्हणून या अंकात त्यांच्याविषयीच लिहितो.

भौतिकशास्त्राच्या बाई व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे वस्तू जबड्यांत धरून बारीक माप घेण्याचे उपकरण, हातात देताना आधी जबडे मिटवून दोन्ही पट्ट्यांवरची शून्ये जुळतात का, ते बघायला लावत. जुळली नाहीत तर शून्य त्रुटी. अशा कॅलिपरने एकच गोळी कितीही वेळा मोजा, उत्तर ०.०१ सेंटिमीटरपर्यंत तेच येईल आणि तरी चूक असेल. बाई म्हणत, हे मापन प्रिसाइस आहे, ॲक्युरेट नाही. वाचने, म्हणजे उपकरणावर वाचलेले आकडे, एकमेकांना किती धरून आहेत, ते प्रिसिजन. खऱ्या मापाला किती धरून आहेत, ती ॲक्युरसी. विखुरलेली वाचने सरासरीने बरीच सावरतात. शून्य त्रुटी मात्र सरासरीत जशीच्या तशी उतरते, कारण सगळी वाचने एकाच बाजूला सरकलेली असतात. मला हीच त्रुटी जास्त घातक वाटते. आकडे एकमेकांची साक्ष देतात आणि माणूस निश्चिंत होतो.

इंग्रजीच्या सरांनी हा धागा पुढे नेला. ‘ॲक्युरेट’च्या मुळाशी लॅटिनमधले ‘काळजी घेणे’ आहे, ‘प्रिसाइस’च्या मुळाशी ‘छाटणे’. तेवढ्यावरून केवढे तरी उलगडले! पायची किंमत ३.१४ ही ॲक्युरेट, पण फारशी प्रिसाइस नाही, ३.१५२८३ दिसायला प्रिसाइस, पण दुसऱ्याच दशांश स्थळी चुकलेली. बातमी, भाषांतर, भाकीत ॲक्युरेट असते, कारण ते मुळाशी किंवा घडलेल्याशी ताडून पाहता येते. सूचना आणि व्याख्या प्रिसाइस हव्यात. समोरच्याचे म्हणणे पुरते पटले की इंग्रजीत ‘प्रिसाइसली’ म्हणतात. तिथे ‘ॲक्युरेटली’ चालत नाही.

रोजच्या बोलण्यात हे शब्द एकमेकांच्या जागी येतात, त्याला माझी हरकत नाही. प्रयोगशाळेत आहे. तिथेही व्याख्या बदलत गेल्या. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या १९९४ च्या ५७२५ क्रमांकाच्या मानकात सरासरी खऱ्या मापाच्या किती जवळ आहे, याला ‘ट्रूनेस’ म्हटले आहे आणि ट्रूनेस व प्रिसिजन मिळून ॲक्युरसी. बाई जिला ॲक्युरसी म्हणत, ती आता बरीचशी ट्रूनेस झाली आहे.

आपल्या शाळेच्या प्रयोगवहीत सरासरीशेजारी दोन रकाने वाढवावेत, अशी माझी मनापासून विनंती आहे: एकात वाचनांमधला सर्वांत मोठा फरक, दुसऱ्यात ज्ञात मापापासूनचे अंतर.