मराठीतून मुख्य परीक्षा देताय? मग उत्तरलेखन आजच सुरू करा

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी २० प्रश्न असतात. त्यातले दहा १० गुणांचे आणि दहा १५ गुणांचे. शब्दमर्यादा १५० आणि २५०, म्हणजे तीन तासांत चार हजार शब्द. दहा गुणांना सात मिनिटं आणि पंधरा गुणांना अकरा मिनिटं दिली की १८० मिनिटं तिथेच संपतात, विचार करायला एकही उरत नाही. म्हणून सरावात साडेसहा आणि साडेदहा मिनिटांची सवय लावा. मग हातात दहा मिनिटं राहतात.

हा वेग वाचनाने येत नाही. 'आधी अभ्यासक्रम संपवू, मग लिहू' म्हणणारे पेपरात सतराव्या प्रश्नापर्यंत पोचतात आणि उरलेल्या तीन प्रश्नांना दोन-दोन ओळी देतात. एखादा घटक वाचून झाला की त्याच दिवशी त्यावर आयोगाने पूर्वी विचारलेला एक प्रश्न घड्याळ लावून लिहा. उत्तर कच्चं असेल, तरी लिहा. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, तेव्हा फक्त एमपीएससी देणाऱ्यांचीही यातून सुटका नाही.

एक नमुना पाहू. समजा प्रश्न आहे: 'ग्रामपंचायती आर्थिकदृष्ट्या परावलंबी का राहिल्या? उपाय सुचवा.' बहुतेक जण सुरुवातीलाच गांधीजींच्या ग्रामस्वराज्यावर पन्नास शब्द खर्च करतात. त्याऐवजी पहिल्याच वाक्यात मुद्द्यावर या: ७३ व्या घटनादुरुस्तीने (अंमल २४ एप्रिल १९९३) पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला, पण अनुच्छेद २४३छ नुसार अधिकार किती द्यायचे हे राज्य विधिमंडळावर सोपवलं. पुढे कारणं. अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, पण कार्ये, निधी आणि कर्मचारी हे तिन्ही एकत्र हस्तांतरित झाले नाहीत. घरपट्टी-पाणीपट्टीची आकारणी कमी आणि वसुली त्याहून कमी, कारण सरपंचाला आपल्याच मतदारांकडून ती करायची असते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी ग्रामीण अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बंधित ठेवला, त्यामुळे स्वतःचा प्राधान्यक्रम ठरवायला जागा कमी उरली. उपाय त्याच क्रमाने द्या, प्रत्येक कारणाला एक. शेवटी 'अशा प्रकारे लोकशाही बळकट होईल' या वाक्याला गुण मिळत नाहीत. तेवढ्या जागेत राज्य वित्त आयोगाच्या शिफारशी वेळेत विधिमंडळापुढे आणण्याचा मुद्दा बसतो.

उत्तर लिहून झालं की लाल पेनाने तीन गोष्टी तपासा. प्रश्नाच्या प्रत्येक भागाला उत्तर मिळालं का? प्रत्येक विधानामागे अनुच्छेद, आकडा, समिती किंवा उदाहरण आहे का? कोणतं वाक्य काढलं तर काहीच बिघडणार नाही? मग दोन दिवसांत तेच उत्तर पुन्हा लिहा. ही दुसरी खेप जवळजवळ सगळे टाळतात, आणि सुधारणा नेमकी तिथेच होते. आठवड्याला वीस नवी उत्तरं लिहिण्यापेक्षा दहा उत्तरं दोनदा लिहिणं चांगलं, असं माझं ठाम मत आहे.

मराठी माध्यमाची एक वेगळी अडचण आहे. यूपीएससीची सामान्य अध्ययनाची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच छापलेली असते. प्रश्न इंग्रजीत वाचायचा आणि उत्तर मराठीत मांडायचं, यात मिनिटं जातात. म्हणून सरावाचे प्रश्न भाषांतर करून घेऊ नका, मूळ इंग्रजीतच वाचा. राजकोषीय तूट, महसुली तूट, प्राथमिक तूट अशा संज्ञांची एक वही करा आणि एका संकल्पनेला कायम एकच शब्द वापरा. शब्द अडला तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहा. वाक्यरचना अंगवळणी पडायला 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' आणि संविधानाची मराठी आवृत्ती उपयोगी पडतात. तांत्रिक संज्ञेपुढे कंसात इंग्रजी रूप देण्याची मुभा आहे, पण ती फक्त संज्ञेपुरती. अख्खी वाक्यं इंग्रजीत लिहिली तर गुण कापले जातात.

मराठी आणि इंग्रजीचे ३०० गुणांचे पात्रता पेपर शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. प्रत्येकात २५ टक्के, म्हणजे ७५ गुण हवेत, नाहीतर बाकीचे पेपर विचारातच घेतले जात नाहीत. मराठीच्या पेपरात निबंध १००, आकलन ६०, सारांश ६०, भाषांतर ४० आणि व्याकरण ४० अशी विभागणी असते. सारांश मूळ उताऱ्याच्या एक तृतीयांशात बसवायचा असतो आणि शब्द मोजत बसल्याने तिथे वेळ जातो. आधीच्या वर्षांचे चार-पाच पेपर वेळ लावून सोडवले तर हा भाग हाताखालून जातो. इंग्रजीची भीती असेल तर दर रविवारी एक सारांश आणि एक छोटा निबंध लिहा, आणि ते पूर्वपरीक्षेच्या आधीपासूनच सुरू करा. पूर्वनंतर हाताशी जेमतेम तीन महिने असतात आणि ते वैकल्पिक विषयातच जातात.