कोवळ्या उन्हाने भाजलेले हात

भूमापनाच्या शिबिरातून परतलेल्या त्या विद्यार्थ्याने दोन्ही हात माझ्या टेबलावर पालथे ठेवले. मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत त्वचा लालभडक होऊन सुजली होती, पेरांवर पाण्याने भरलेले बारीक फोड होते आणि डाव्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याखालची जागा मात्र पट्टीने आखून घ्यावी तशी मूळ रंगाची राहिली होती. तळहात आणि चेहरा यांना काहीही झालेले नव्हते.

इतकी स्पष्ट कड दिसली की त्वचा उन्हानेच भाजली आहे, याविषयी शंका उरत नाही. कोडे होते ते वेळेचे. त्याच्या सांगण्याप्रमाणे काम सकाळी सात ते नऊ चाले, त्या दिवशी आकाश ढगाळ होते आणि सोबतच्या कोणालाही त्रास झाला नव्हता. कोवळ्या उन्हात दोन तासांत फोड येण्याइतके कोणी सहसा भाजत नाही, म्हणून मी त्याची आधीची चिठ्ठी मागून घेतली. तिच्यावर मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लीनची गोळी लिहिलेली होती, आणि अक्षर माझे होते.

हे औषध चालू असताना त्वचा उन्हाला, विशेषतः अतिनील किरणांपैकी ‘अ’ प्रकारच्या किरणांना, फार लवकर दाद देते. हे किरण दुपारपुरते नसतात. सकाळ-संध्याकाळही त्यांचे प्रमाण बऱ्यापैकी असते आणि ढगांतून व काचेतूनही ते येतात. सनस्क्रीनवरचा एसपीएफचा आकडा मुख्यतः ‘ब’ किरणांपासूनचे संरक्षण सांगतो, त्यामुळे अशा रुग्णाने दोन्ही प्रकारांपासून वाचवणारे सनस्क्रीनच निवडावे लागते. चेहऱ्याला ते लावायला मी सांगितले होते आणि त्याने ते इमानाने, दर दोन तासांनी लावले होते. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्या, घेतल्यावर लगेच आडवे होऊ नका, हेही मी बजावले होते. पण कामाच्या वेळी उपकरणावर उघडे राहणारे हात माझ्या मनातच आले नव्हते. मी त्याला तसे स्पष्ट सांगितले आणि त्याची क्षमा मागितली.

गोळी तत्काळ थांबवली. जळजळ सहन न होऊन आदल्या रात्री त्याने बर्फ थेट त्वचेवर दाबून धरला होता. भाजलेल्या त्वचेला त्याने आणखी इजा होते, म्हणून ते बंद करायला लावले. त्याऐवजी साध्या थंड पाण्यात भिजवलेले मऊ कापड दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून अनेकदा ठेवायचे, हात हलकेच टिपून ओलसर असतानाच पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यायचा, फोड फोडायचे नाहीत, वेदनेसाठी पॅरासिटामॉल घ्यायची आणि बाहेर पडताना लांब बाह्यांचा, घट्ट विणीचा सदरा व हातमोजे घालायचे, एवढेच उपचार होते. पहिल्या ओल्या घडीनंतर त्याने बोटे हळूहळू मिटून पाहिली, तेव्हा कुठे त्याचा चेहरा सैलावला.

तीन आठवड्यांनी तो आला तेव्हा साल निघून खाली नवी, गुलाबी त्वचा आली होती. मात्र दोन्ही अंगठ्यांची नखे टोकाकडून सुटून पांढुरकी दिसत होती. हाही त्याच गोळीचा आणि उन्हाचा परिणाम होता. नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. ती नखे आखूड कापून मी त्याला दोन महिन्यांनंतरची तारीख दिली.