किती पौंडांचे धनुष्य घ्यावे? विस्कॉन्सिनहून सोलापूरकरांसाठी

मागच्या जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला आलो होतो, तेव्हा पूर्व भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवर मामांनी माझ्या मोबाइलमधले कंपाउंड धनुष्याचे छायाचित्र बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, "हे ओढायला किती वजन लागतं रे?" त्यानंतर आठवडाभरात भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हाच प्रश्न विचारला. शिवधनुष्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसांना दुसरे काय सुचणार? अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये हरणाच्या शिकारीसाठी पहिले धनुष्य घेताना मीही दुकानदाराला हेच विचारले होते आणि त्यापायी माझा एक पूर्ण हंगाम वाया गेला.

कंपाउंड धनुष्य हे मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांचे कल्पक काम. त्यांना त्याचे पेटंट १९६९ मध्ये मिळाले. धनुष्याच्या दोन्ही टोकांना कॅम म्हणजे विशिष्ट आकाराची चाके असतात. दोरी ओढू लागले की भार झपाट्याने चढतो, काही अंतर तसाच राहतो आणि शेवटच्या टप्प्यात एकदम उतरतो. या उताराला लेट-ऑफ म्हणतात. ७० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३२ किलोंच्या धनुष्याचा लेट-ऑफ ८० टक्के असेल, तर पूर्ण ताणल्यावर हातावर फक्त १४ पौंड उरतात. त्यामुळे जड धनुष्यही सोपेच असेल असा समज होतो. परंतु त्या १४ पौंडांपर्यंत पोहोचण्यासाठी आधी पूर्ण ७० पौंडांचा चढ पार करावा लागतो, आणि तोही हरीण समोर असताना, आवाज न करता, कमीत कमी हालचालीत.

दुकानात मी उबेत, नुसत्या टी-शर्टवर, दोन्ही पाय रोवून उभा होतो. ७० पौंड ओढता आले आणि तेच धनुष्य घेऊन मी घरी आलो. नोव्हेंबरात झाडावरच्या मचाणावर चार थर कपडे घालून दोन तास निश्चल बसल्यावर मादी हरीण २० यार्डांवर येऊन उभे राहिले, तेव्हा गारठलेल्या खांद्याने दोरी हलेना. जोर लावण्यासाठी मी धनुष्य आभाळाकडे उचलले, तेवढ्या हालचालीने तिने मान वर केली आणि ती झाडीत नाहीशी झाली. बाण सुटला नाही याचे मला आजही समाधान आहे, कारण थरथरत्या हाताने सोडलेला बाण जनावराला मारत नाही, नुसता जखमी करतो. आणि ते जखमी जनावर रात्रभर कुठेतरी तडफडत राहते. शिकार करणाऱ्याने हे ओझे हलके मानू नये, असे मला मनापासून वाटते.

तेव्हापासून मी एकच परीक्षा मानतो. खुर्चीवर बसावे, दोन्ही पाय जमिनीवरून उचलावेत, धनुष्य लक्ष्याकडे सरळ धरावे आणि हात वर न नेता दोरी सावकाश मागे आणावी. जाड जॅकेट घालून, थंडीत, हे सलग काही वेळा जमले तर ते वजन आपले. विस्कॉन्सिनमध्ये हरणासाठी कायद्याने किमान ३० पौंडांचे धनुष्य लागते, अलास्कात मूससारख्या प्रचंड जनावरासाठी ५० पौंडांचे. चांगल्या बाणाला जोड असेल तर इथल्या ७०-८० किलोंच्या हरणाला ५० ते ६० पौंड पुरेसे होतात. ३०० किलोंच्या नर एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या जातीच्या हरणाच्या, मागे जाणाऱ्याने ७० पौंडांचा विचार करावा, पण तोही आधी खुर्चीवर बसून. साताऱ्यात तयार झालेल्या आदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड प्रकारात जगज्जेतेपद मिळवले, त्या स्पर्धांमध्ये ६० पौंडांहून जड धनुष्य चालतच नाही. बहुतेक धनुष्यांचे ओढण्याचे वजन लिंबच्या, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांच्या, बोल्टवरून साधारण १० पौंडांनी उतरवता येते; मी माझे ७० पौंडांचे धनुष्य ६२ वर आणून ठेवले आहे.

बाणाबद्दल मात्र माझे मत उलट आहे. तिथे वजन हवे. बाण ग्रेनमध्ये तोलतात. एका ग्रॅमला सुमारे १५.४ ग्रेन. धनुष्याच्या दर पौंडामागे ५ ग्रेनहून हलका बाण कधीही लावू नये, कारण मग ऊर्जा बाणात न जाता धनुष्यातच परतते आणि लिंब तडकू शकते. वेगाच्या जाहिराती नेमक्या या किमान वजनावर, म्हणजे ७० पौंडांच्या धनुष्याला ३५० ग्रेनवर मोजलेल्या असतात. समजा, तो बाण सेकंदाला ३०० फूट वेगाने जातो. त्याच धनुष्यावर ५०० ग्रेनचा बाण लावला तर वेग साधारण २५५ फुटांवर उतरतो. गतिज ऊर्जा जवळपास तेवढीच राहते, पण संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, एक पंचमांशाने वाढतो आणि हाडामांसातून आरपार जाण्यासाठी तोच कामी येतो. शिवाय धनुष्याचा आवाजही कमी होतो. जड बाण लांबवर जास्त खाली पडतो हे खरे, म्हणून मी २५ यार्डांपलीकडे बाण सोडत नाही. माझा बाण टोकासह ४८० ग्रेनचा, म्हणजे ३१ ग्रॅमचा आहे.

बाणाचा ताठरपणा, ज्याला स्पाइन म्हणतात, तो याहून महत्त्वाचा. २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर बाण ठेवून मध्यभागी ८८० ग्रॅमचे वजन टांगतात आणि तो किती वाकला ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. ३४० म्हणजे ०.३४० इंच, आकडा जितका लहान, तितका बाण ताठ. धनुष्य किंवा टोक जड असेल तर ताठ बाण घ्यावा. अति लवचिक कार्बनचा बाण सुटताना फुटला तर त्याच्या चिरफळ्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. सरावाला बसण्यापूर्वी मी प्रत्येक बाण कानाजवळ धरून हलकेच वाकवतो आणि किंचित जरी करकर ऐकू आली तरी तो मोडून टाकतो.

मामांचा दुसरा प्रश्न नान्नजच्या माळावरच्या काळविटांबद्दल होता. त्याचे उत्तर ठाम नकार आहे: आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार गुन्हा आहे, आणि तो कायदा हवाच. इथे विस्कॉन्सिनमध्ये परवाना काढून, ठरलेल्या हंगामात हरीण मारता येते.

ऑगस्टमध्ये वडिलांना व्हिडिओ कॉलवर धनुष्य दाखवत होतो. त्यांचे आयुष्य यंत्रमागावर गेले आहे. कॅमजवळची दोरी जवळून दाखवायला सांगून ते म्हणाले, "नख फिरव त्याच्यावर. सूत पिंजारलंय, मेण लावून भागणार नाही." नख फिरवले तर दोन तंतू खरेच सुटून वर आले. दोरी बदलून घेतली. नवी दोरी सरावात थोडी ताणली गेली, दृष्टिकडी, म्हणजे नेम धरण्यासाठी दोरीत बसवलेली छोटी कडी, फिरली आणि काट्यावर वजनही हलले. आता हंगामाला तीन आठवडे आहेत. रोज संध्याकाळी खुर्चीवर बसून २० बाण सोडतो आहे.