तुम्ही विचारलंत म्हणून : चिपाडाचे प्लास्टिक होते का?

निपाणीजवळच्या आमच्या छोट्या कारखान्यात येणारा प्रत्येक जण साच्यातून निघालेली तपकिरी कुंडी हातात घेतो आणि विचारतो, "हे खरंच उसाच्या चिपाडाचं प्लास्टिक आहे का?" तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चिपाडात प्लास्टिक नसते. त्यात सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन हे वनस्पतीच्या तंतूंचे घटक असतात. त्यांपैकी तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारे लिग्निन उष्णता आणि ओलावा मिळाला की मऊ पडते व निवल्यावर पुन्हा घट्ट होते. मात्र नुसत्या लिग्निनच्या भरवशावर दाबलेली कुंडी पाणी पडताच फुगते, म्हणून चिपाड दळून केलेल्या भुशात फेनॉलिक राळ, म्हणजे तापवल्यावर कायमची कडक होणारी कृत्रिम राळ, मिसळावी लागते. यात नवे काही नाही. रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड यांनी १९०७ साली अशाच राळेचे बेकेलाइट हे प्लास्टिक तयार केले, तेव्हापासून अशा राळेत लाकडाचा भुसा घालतच आले आहेत. आम्ही लाकडाच्या जागी चिपाड घेतले, इतकेच.

खरी अडचण ओलाव्याची असते, कारण साखर कारखान्यातून येणाऱ्या चिपाडात निम्मे वजन पाण्याचेच असते. पहिल्या हंगामात साचा दाबणारा गरम प्रेस उघडला की फट् असा आवाज होऊन वाफ सुटे आणि कुंडीच्या बुडाला पुरीसारखा फुगा आलेला दिसे. दोष साच्याचा समजून मी तो घेऊन बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत गेलो. तिथल्या मिस्त्रींनी साच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. माझ्या पिशवीतला भुसा मुठीत दाबून मूठ उघडली, तर लाडू जसाच्या तसा. "आधी हे वाळवा, मग साच्याचं बोलू," एवढेच ते म्हणाले.

शिवाय चिपाड हा आता टाकाऊ माल राहिलेला नाही. कारखाने ते बॉयलरमध्ये जाळून वीज करतात, त्यामुळे आम्ही शेंगांची टरफले आणि मक्याची बुरकुंडे यांच्याकडे वळलो. शेतात जाळले जाणारे पाचट वापरून पाहिले, परंतु त्यातल्या सिलिकाने आणि मातीने दळणाऱ्या यंत्राची पाती बोथट केली.

हे कुजते का, असेही विचारतात. राळ घातलेला माल कुजत नाही आणि वितळवून पुन्हा घडवताही येत नाही, म्हणून व्यापाऱ्यांनी कितीही आग्रह केला तरी मी लेबलावर 'पर्यावरणपूरक' असे छापत नाही. रोपवाटिकांसाठी स्टार्चच्या खळीत बांधलेल्या कुंड्या आम्ही वेगळ्या करतो. त्या रोपासकट जमिनीत पुरायच्या असतात. पावसात उघड्यावर ठेवून विरघळल्या, तर तक्रार घेऊन येऊ नये.